बी वर्गाचं बेझिक

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, तोंडून एक वाक्य निघतं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ओकारीच्या आधी सुटतं तसलं. यंदाही परवा ते निघालं. साहेब स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, सुपारीची डबी तळहातावर आपटली आणि म्हणाले, "मनीषाबेन, बी वर्गना बधाने बेझिक ज भरावजो."

बी वर्गातल्या सगळ्यांना बेझिकच भरायला लावा. इतकंच. आवाज गोड, चेहरा हसरा. चहा आणायला सांगावा तसं.

बाहेर हवा किती छान पडलेली असते या दिवसांत! अमरोलीच्या रस्त्यावर पोंकाच्या गाड्या लागतात, कोवळ्या ज्वारीचा भाजका वास येतो. उसाचे ट्रक कामरेजकडून साखर कारखान्याकडे धडधडत जातात आणि मागे रस्त्यावर सोललेली पाचटं उडत राहतात. लोक म्हणतात, सुरतेत राहावं तर याच महिन्यांत. मला मात्र हा मोसम लागला की जेवण जात नाही. नवऱ्याला आता सवय झाली आहे. ताटातली अर्धी भाकरी परत गेली की तो विचारतो, "फॉर्म सुरू झाले वाटतं?"

आमच्या बोर्डात दहावीला गणिताचे दोन पेपर असतात. सोपा तो बेझिक, दुसरा स्टॅन्डर्ड. मुलाने दोनातला एक निवडायचा. बेझिक घेतलं की दहावी सुटते, पण पुढे अकरावीला सायन्सला गणित मिळत नाही. पंधरा वर्षांच्या पोराने एका चौकोनात खूण करायची आणि एक रस्ता आपल्या हाताने बंद करायचा. आमच्या शाळेत ती खूण पोरं करतच नाहीत. ए वर्गात दुकानदारांची, इस्टेट दलालांची मुलं, त्यांना स्टॅन्डर्ड. बी वर्गात कोसाडच्या सरकारी आवासातली, लूमवर राबणाऱ्यांची, साड्यांना खडे चिकटवणाऱ्या बायांची मुलं; त्यांना बेझिक. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो.

मी शिक्षिका झाले ती चाळिशी उलटल्यावर. त्याआधी कडोदऱ्याला एका प्रोसेस मिलच्या लॅबमध्ये होते. शहाद्याच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झाले, लग्न होऊन सुरतेला आले आणि हातात आल्या रंगाच्या बाटल्या. व्यापारी साडीचा तुकडा पाठवायचा, तसाच रंग बनवून द्यायचा. यातला थोडा, त्यातला थेंबभर. संध्याकाळी नखं कधी जांभळी, कधी शेवाळी. अंगाला युरियाचा आणि गोंदाच्या खळीचा आंबूस वास. जाऊ मला कणकेला हात लावू द्यायची नाही. पण मला स्वतःला त्या वासाची किळस कधी आली नाही. साबणाने घासलं की निम्मा जायचा, उरलेला आपला वाटायचा. मग मालकाने रंग जुळवणारं मशीन आणलं आणि लॅबमधल्या आम्हा बायांना घरी बसवलं.

घरी बसले तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती. तीच म्हणाली, "आई, तू मला दहावीला गणित शिकवलंस ना, तेव्हा तू वेगळीच दिसायचीस. बीएड कर." मी हसले. पण केलं. वर्गातल्या बाकीच्या मुली माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला आंटी म्हणायच्या आणि पाठाच्या दिवशी माझी साडी नीट करून द्यायच्या. पहिल्यांदा खऱ्या वर्गात खडू हातात धरला तेव्हा फळ्यावरचा त्रिकोण वाकडा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "टीचर, ट्रायन्गल दारू पीने आव्यो." सगळा वर्ग हसला, मीही हसले. मला वाटलं, उशिरा का होईना, मी माझ्या जागी आले.

गुजरातीत गणिताच्या उदाहरणाला दाखलो म्हणतात. मला तो शब्द फार आवडला होता. एक उदाहरण सोडवून झालं की पोरगं जणू आपला दाखला घेऊनच उठतं. पण महिन्याभरात कळलं की इथे दाखले पाठ करतात. आकड्यांसकट. पुस्तकातल्या टाकीत पाणी भरायला बारा तास लागत असतील तर आमच्या पोरांच्या जगातल्या सगळ्या टाक्या बारा तासांतच भरायच्या. मी आकडा बदलला की वर्ग पुस्तकाची पानं उलटू लागायचा. मग एकजण धीर करून म्हणायचा, "टीचर, आ तो चोपडीमां नथी." एका पोराने डोळे मिटून पायथागोरसचं प्रमेय म्हणून दाखवलं, आरतीसारखं. मी त्रिकोणाच्या टोकांची नावं बदलली तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कुणी असं केलं होतं, याचा विचार करत मी घरी गेले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला ती शिसारी आली. पोराची नव्हे. शिळ्या भाताला फोडणी देऊन तो वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्यांची.

याच बी वर्गात, माझ्या दुसऱ्या वर्षी, रोशनी होती.

रोशनी फार हुशार होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती हट्टी होती. बाकीची पोरं चुकलेलं उदाहरण खोडरबराने घासून कागद फाडायची. रोशनी चुकलेलं तसंच ठेवायची, खाली पुन्हा सुरुवात करायची, आणि दोन्हीकडे बघून विचारायची, "टीचर, पण इथे मी कुठून घसरले?" घरी अहिराणी, वर्गात गुजराती, माझ्याशी जमेल तशी मराठी. बाप लूमवर. आई दारात साड्यांचा ढीग घेऊन खडे चिकटवायची. भुसावळकडची माणसं.

त्या वर्षी फॉर्मच्या वेळी मी साहेबांना म्हणाले, "रोशनीला स्टॅन्डर्ड भरू दे. अजून तिघी-चौघींनाही जमेल."

साहेबांनी डबी उघडली, सुपारी तोंडात टाकली. "बेन, आ लोकोनुं काम नथी."

हे या लोकांचं काम नाही. ही लोकं म्हणजे घरी अहिराणी बोलणारी, हे मला कळत होतं. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं. माझ्या सासूबाई शाळेच्या कार्यक्रमाला आल्या होत्या तेव्हा त्या कुठली भाषा बोलतात तेही त्यांनी ऐकलं होतं. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं की आपण जरा जास्त बोललो. ते हसून म्हणाले, "तमे तो जुदा छो."

तुम्ही तर वेगळ्या आहात. मला हे कौतुक म्हणून दिलं होतं, आणि समोरचा माणूस मी आभार मानीन म्हणून थांबला होता. कुणी स्वतःच्या ताटातलं उष्टं उचलून आपल्याला भरवावं तसं झालं.

वाईट याचं वाटतं की त्या माणसाला गणित येतं. तेही लांबच्या अमरेलीकडून कधीकाळी हातात पेटी घेऊन आलेले, गणिताचेच शिक्षक. एकदा स्टाफरूममध्ये मी भूमितीच्या एका प्रश्नाशी झटत होते. त्यांनी मागून येऊन माझ्या कागदावर एक रेघ ओढली. एकच. आणि सगळं उलगडलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ती रेघ ओढणाराच हात बी वर्गाच्या फॉर्मवर खुणा करतो, हे मला अजून पचलेलं नाही. अडाणी माणसाने केलं असतं तर राग आला असता आणि गेला असता.

मी रोशनीच्या घरी गेले. कोसाडच्या आवासात जिन्यात ओल, खाली तुंबलेलं गटार, वर मात्र घर लख्ख. खडे चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास. रोशनीची आई साडी बाजूला सारून उठली. बाप नुकताच पाळी करून आला होता, केसांत धाग्याचा भुसा. मी सगळं समजावलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, साहेब सांगस बेझिक भरा. तुम्ही सांगतस दुसरं. आम्हीन कोनं आयकानं? पोर नापास व्हयनी ते?"

मीही अहिराणीवर आले. "नापास व्हनार नही, असं मी कसं सांगू? पन पोरले येस. ती करी शकस."

आईने हातातल्या साडीची घडी घातली. ती म्हणाली, "पोरलेच इचारा ना."

रोशनी दाराला टेकून उभी होती. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "टीचर, मी बेझिकचा जुना पेपर करून बघितला. त्यात ते काही विचारतच नाहीत. कंटाळा येतो."

बाप हसला. स्टॅन्डर्डवर त्याने सही केली.

मग त्या थंडीत आम्ही शाळा सुटल्यावर बसू लागलो. रोशनी आणि तिच्याबरोबर कधी एखादी-दुसरी. साहेबांनी वर्गाला कुलूप लावायला सांगितलं, वीज जळते म्हणून. मग आम्ही जिन्यात बसलो. खालच्या दुकानातून तळणाचा वास यायचा. रोशनी गणित करताना ओठ चावायची. चुकत होती, पुष्कळ चुकत होती, आणि दर चुकीगणिक शहाणी होत होती. अशी प्रगती निकालपत्रात दिसत नाही. जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. स्टॅन्डर्डच्या पेपरात रोशनी काठावर नापास झाली.

साहेब मला रागावतील असं वाटलं होतं. उलट त्या आठवड्यात फारच प्रेमाने वागले. मीही गाफील राहिले. फेब्रुवारीत हॉलतिकिटं आली. मी बी वर्गात ती वाटत होते. रोशनीने आपलं हातात घेतलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. विषयांच्या रांगेत छापलं होतं: गणित, बेझिक.

"टीचर, तुम्ही बदललं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. चुकलेलं गणित पुढे करून विचारायची ना, तसंच.

संध्याकाळी तिच्या बापाने सांगितलं. पूर्वपरीक्षेनंतर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं, खुर्ची दिली, चहा दिला. "साहेबनी सांगं, ताईले इचारी लिधं. मंग मी सही करी टाकी." तो माझ्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली. जणू खोटं तोच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. "माझं नाव कसं घेतलंत?"

ते शांत होते. "तुमचंच घ्यावं लागलं, बेन. तो माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो. माझ्यावर ठेवत नाही." आणि मग समजुतीच्या सुरात, "तुमचंच भलं केलं. पोरगी नापास झाली असती तर शिव्या कुणाला बसल्या असत्या?"

मी बाहेर आले आणि बेसिनशी जाऊन चूळ भरली. एकदा, मग पुन्हा. माझ्या नावाला कुणाचीतरी सुपारीची थुंकी लागली होती आणि ते नाव घेऊन मला उरलेला दिवस चार तास शिकवायचे होते. मी बोर्डाच्या कचेरीत फोन केले, एकदा जाऊनही आले. दुरुस्तीची मुदत संपली होती. खिडकीतला कारकून चांगला माणूस होता. तो म्हणाला, "आता मार्चमध्ये काही होणार नाही, बेन. बेझिक देऊ द्या."

परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. आमच्याकडे या दिवशी केंद्राच्या दारात मुलांना कुंकू लावतात, गोड भरवतात. रीत चांगली आहे. पण त्या वर्षी कुणा पुढाऱ्याची माणसं कॅमेरेवाला घेऊन आली होती. उन्हाने घामेजलेले पेढे, एका माणसाची बोटं आणि रांगेत पुढे सरकणारी तोंडं. तीच बोटं एका तोंडातून निघायची, खोक्यात जायची, दुसऱ्या तोंडाशी यायची. आमचे साहेब शेजारी कुंकवाची वाटी धरून. रोशनीचा नंबर आला तेव्हा तिने तोंड मिटून घेतलं. त्या माणसाने हसत पेढा तिच्या ओठांवर दाबून धरला, फोटो निघेपर्यंत. तिने मनगटाने तोंड पुसलं आणि आत गेली. इतकी मोठी बाई मी, भिंतीला हात टेकून उभी होते.

गणिताच्या पेपरनंतर विचारलं, "कसा गेला?"

"झोप येत होती, टीचर."

निकाल लागला. रोशनीला गणितात नव्याण्णव. अमरोलीच्या चौकात बॅनर लागलं. वर साहेबांचा फोटो, खाली रोशनीचा, गालाला छापखान्याने गुलाबी रंग चढवलेला. शाळेचं नाव, शंभर टक्के निकाल, आणि पोरीच्या नावापुढे ते नव्याण्णव, तिच्या डोक्याहून मोठं. बेझिक हा शब्द कुठेही नव्हता. ए वर्गात स्टॅन्डर्ड घेऊन कुणाला इतके पडले नव्हते.

तिचा बाप संध्याकाळी पेढ्यांचं खोकं घेऊन माझ्या घरी आला. नवा शर्ट घातला होता. "ताई, शंभरमा नव्व्यान्नव!" त्याच्या हातचा पेढा मी खाल्ला. त्याच्या आनंदाला हात लावायची माझी छाती झाली नाही. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "आता तरी सोड. सगळे खूश आहेत. तुला एकटीलाच काय पडलंय?"

दोन दिवसांनी भर दुपारी रोशनी आली. चेहरा उन्हाने लाल. पाणीही न पिता म्हणाली, "टीचर, जुलैच्या परीक्षेत स्टॅन्डर्ड देता येतं म्हणतात. नापास झालेल्यांच्या बरोबर बसायचं. खरं का?"

खरं होतं. मला ठाऊकही होतं. पण एकदा पोळल्यावर तिला सांगायला जीभ रेटत नव्हती.

मे महिन्यात सुरतेत भिंतीसुद्धा घामेजतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर, पंख्याखाली, आम्ही दोघी बसायचो. त्या वर्षातले तेवढेच दिवस मला धुतल्यासारखे आठवतात. एकदा गाडीच्या वेगाचं उदाहरण होतं. तिने चिन्हं उलटी धरली आणि वेळ आला उणे. ती बघत बसली, मग खुदकन हसली. "टीचर, ही गाडी निघायच्या आधीच पोचली!" मी हसून हसून पोळी करपवली. याच्यासाठी मी रंगाच्या बाटल्यांतून उठून, मुलीच्या वयाच्या पोरींत बसून शिकले होते.

जुलैच्या फॉर्मवर आचार्यांची सही लागते. साहेबांनी कागद बाजूला सारला. "नव्याण्णववाली पोरगी नापासांत बसवायची? बॅनर उतरवू का? शाळेची इज्जत काय राहील?"

मी काही बोलायच्या आत रोशनीचा बाप पुढे झाला. आधी मी त्याला फार समजावलं होतं. तो एकच म्हणत होता, इतके मार्क पडल्यावर परत परीक्षा दिली तर लोक काय म्हणतील. शेवटी पोरीने त्याचा हात धरून आणला होता. पाळीवरून थेट आलेला, भुशाने भरलेला. तो खुर्चीवर बसला नाही. आपल्या मोडक्या गुजरातीत, आवाज न चढवता तो म्हणाला, "साहेब, गया वखते तमे मारी सही लीधी. आ वखते तमे करो."

गेल्या वेळी तुम्ही माझी सही घेतलीत. या वेळी तुम्ही करा.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेन उघडलं. त्यांची सही सुंदर आहे.

रोशनी स्टॅन्डर्ड पास झाली. मार्क काही सांगण्यासारखे नव्हते, मधलेच. त्याचं बॅनर लागलं नाही. आता ती दुसऱ्या शाळेत सायन्सला आहे, गणित घेऊन. कधी चांगले पडतात, कधी रडवतात. रडली की माझ्याकडे येते. मी मात्र त्याच शाळेत आहे. लोक विचारतात, इतकी शिसारी येते तर सोडत का नाहीस? सोडली तर बी वर्ग तिथेच राहील, इतकं मला कळतं. आता दिवाळीनंतर मी आधी घरोघरी जाते, मग फॉर्म भरते, आणि बोर्डाकडे जाण्याआधी एकेक स्वतः तपासते. दरवर्षी चार-पाच पोरं स्टॅन्डर्डला बसतात. साहेब माझ्याशी गोड बोलतात. मी त्यांच्या हातचा चहा घेत नाही.

जुलैच्या त्या परीक्षेला मी रोशनीबरोबर गेले होते. केंद्र दुसऱ्याच शाळेत. रिक्षा अमरोलीच्या चौकातून, त्या बॅनरखालून, गेली तेव्हा ती दुसऱ्या बाजूला बघत राहिली. पेपर सुटल्यावर पोरं अंगणात पसरली. कुणी दुसऱ्यांदा बसलेलं, कुणी चौथ्यांदा. एक ओढणी डोक्याला गुंडाळलेली मुलगी डबा उघडून पायरीवर बसली होती. तिने रोशनीला सरकून जागा दिली.

"तारी केटलामी वार?" तुझी कितवी वेळ, तिने विचारलं.

"पहिलीच," रोशनी म्हणाली.

"मार्चमध्ये किती पडलेले?"

"नव्याण्णव."

ती मुलगी पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "जूठी!" ती म्हणाली, आणि डब्यातलं थेपलं मोडून अर्धं रोशनीच्या हातावर ठेवलं. रोशनी तिच्या शेजारी बसली आणि ते खाऊ लागली.